शिकागोच्या जेन अॅडम्स

समाजसेवा करणाऱ्याने राजकारणात पडू नये, असे शिकलेली माणसे आपल्याला नेहमी सांगतात. बालवाडी चालवा, वह्या वाटा, औषधे द्या, पण मोर्चात दिसू नका. हा वाद आजचा नाही. अमेरिकेत शिकागो शहरात जेन अॅडम्स नावाच्या बाईंचे अख्खे आयुष्य याच वादात गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याजवळ शिकले ते प्राध्यापक जॉन ड्यूई या बाईंचे जवळचे स्नेही, आणि त्यांच्या संस्थेचे विश्वस्तही होते. तेव्हा बाईंचे नाव आपल्या घराघरात माहीत असायला हवे.

जेन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यात सीडरव्हिल या गावी झाला. वडील पिठाच्या गिरणीचे मालक, राज्याच्या सिनेटचे सभासद. आई मूल दोन वर्षांचे असतानाच वारली. पाठीच्या कण्याचे दुखणे लहानपणापासून मागे लागलेले. डॉक्टर व्हायला निघाल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. १८८८ साली लंडनमध्ये त्यांनी टॉयन्बी हॉल पाहिला. शिकलेले तरुण गरिबांच्या वस्तीत जाऊन राहतात, हे त्यांना पटले. १८ सप्टेंबर १८८९ रोजी एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर त्या शिकागोच्या मजूरवस्तीत हल हाउस नावाच्या जुन्या घरात राहायला आल्या. बालवाडी, पाळणाघर, रात्रीचे वर्ग, वाचनालय, न्हाणीघर असे एकेक सुरू झाले. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली नेबरहुड हाउस काढले ते याच धर्तीवर, आणि १९३६ साली तिथेच आपल्या देशातली समाजकार्य शिकवणारी पहिली शाळा सुरू झाली.

पहिल्याच नाताळात बाईंनी पोरींना मिठाई वाटायला काढली, तर काही पोरी हातच लावीनात. त्या मिठाईच्या कारखान्यात सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या; त्यांना मिठाई डोळ्यासमोर नको झाली होती. त्याच हिवाळ्यात जवळच्या कारखान्यात एकाच यंत्राने तीन मुलांना इजा झाली, त्यातला एक गेला. यंत्राला थोड्या पैशांत जाळी बसली असती. मालकाने काही केले नाही, कारण आईबापांकडून आधीच कागदावर सह्या घेतलेल्या. ज्यांनी गिरणीत पाळ्या केल्यात त्यांना हे फोडून सांगायला नको. मिठाई वाटून हे मिटणार नाही, इथे कायदा पाहिजे, हे बाईंना तिथे कळले.

मग हल हाउसमधल्या फ्लॉरेन्स केली यांनी पाहणी केली, युनियनवाले बरोबर आले, आणि १८९३ साली इलिनॉयमध्ये कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तास. कायदा होण्याआधी कारखानदारांकडून बाईंना निरोप आला होता की हा नाद सोडा, संस्थेला पन्नास हजार डॉलर देऊ. बाईंनी नकार दिला. आपल्याकडे किती संस्थांनी नकार दिला असता, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. १८९५ साली कोर्टाने आठ तासांचे कलम रद्द केले तेही सांगितले पाहिजे. लढाई एका कायद्याने संपत नाही.

त्याच साली वस्तीतला कचरा उचलेनात म्हणून बाईंनी स्वतःच कंत्राटाचा अर्ज भरला. कंत्राट मिळाले नाही, पण महापौरांनी त्यांना त्या वॉर्डाचे कचरा-निरीक्षक नेमले. बाई पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरत. शिकलेली, घरंदाज बाई असे काम करते याचा लोकांना अचंबा वाटे.

आता मला खटकते ती गोष्ट. १९१२ साली थिओडोर रुझवेल्ट यांनी नवा पक्ष काढला. बालमजुरी बंदी, किमान वेतन, बायकांना मत, हे सगळे त्याच्या जाहीरनाम्यात होते. पण दक्षिणेतल्या राज्यांच्या काळ्या प्रतिनिधींना त्या अधिवेशनात बसू दिले नाही. बाई तर काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ साली निघालेल्या संघटनेच्या संस्थापकांपैकी. त्यांनी आतमध्ये विरोध केला, तो टिकला नाही, आणि तरीही त्यांनी रुझवेल्टच्या उमेदवारीला जाहीर अनुमोदन दिले. पुढे काळ्यांच्याच मासिकात लेख लिहून आपली बाजू मांडली. मला ती पटत नाही. तुमचे काम आधी होऊ द्या, त्यांचे मागाहून बघू, हे आपण फार ऐकले आहे. रुझवेल्ट तर निवडणूक हरलेच.

दुसऱ्या वेळी मात्र बाई हलल्या नाहीत. महायुद्ध चालू असताना १९१५ साली हेगला जमलेल्या बायकांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा ड्यूईंसारखे स्नेहीही युद्धाच्या बाजूने गेले. बाई एकट्या पडल्या, वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले. १९१९ साली जर्मनीत जाऊन त्यांनी उपाशी मुले पाहिली आणि परत येऊन शत्रूच्या मुलांसाठी अन्न मागितले, त्यावर पुन्हा शिव्या खाल्ल्या. देणग्या आटल्या तरी शब्द मागे घेतला नाही.

१९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्यासोबत विभागून. त्या दिवशी बाई इस्पितळात होत्या. आपल्या वाट्याचे पैसे त्यांनी बायकांच्या शांतता संघटनेला दिले. २१ मे १९३५ रोजी त्या शिकागोत वारल्या. सीडरव्हिलला त्यांच्या थडग्यावरच्या दगडावर नोबेलचा उल्लेख नाही. नावाखाली हल हाउस आणि ती शांतता संघटना, एवढे दोनच आहे.