डॉ. मेरी वर्गीस : चाकाच्या खुर्चीतील गुरू

डॉ. मेरी वर्गीस यांचा जन्म १९२५ साली कोचीन परिसरातील एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी तेथेच डॉक्टर म्हणून सेवेस आरंभ केला. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांसह सहलीस गेल्या असता त्यांची मोटार उलटली. चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला आणि कमरेखालचे शरीर निश्चेष्ट झाले.

आपण कोणाच्याही उपयोगी पडणार नाही, या विचाराने त्या व्याकूळ झाल्या. तेव्हा डॉ. पॉल ब्रँड यांनी गेलेल्या पायांकडे नव्हे, तर शाबूत हातांकडे त्यांचे लक्ष वेधले. कुष्ठरोग्यांच्या वाकलेल्या बोटांवरील शस्त्रक्रिया बसून करता येते. मेरीबाई ती विद्या शिकल्या आणि तिच्यात निपुण झाल्या.

एवढ्यावरच त्या समाधान मानत्या, तर कोणी दोष दिला नसता. परंतु कणा मोडलेल्या रुग्णांची दशा त्या स्वानुभवाने जाणत होत्या. अपघातातून वाचलेले असे रुग्ण पुढे शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी दगावत. जे जगत ते घराच्या कोपऱ्यात पडून राहत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मेरीबाई स्वावलंबन शिकल्या. नंतर न्यूयॉर्कमध्ये डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा स्वीकारली. १९६६ साली बागायम येथे पुनर्वसन संस्था उभी राहिली.

तेथे शिकणाऱ्यांपुढे मोठा प्रश्न होता : रोग बरा होणारच नसेल, तर वैद्याचे काम संपले काय? पाठ्यपुस्तकापूर्वीच त्याचे उत्तर चाकाच्या खुर्चीतून त्यांच्यासमोर येई. रुग्णाची कूस वेळेवर बदलणे, त्याला खाटेवरून खुर्चीत बसण्यास शिकविणे, त्याच्या घराचा उंबरठा व रोजगार विचारात घेणे, हेही वैद्यकच होय. डॉक्टर, परिचारिका, व्यायामोपचारक आणि कृत्रिम अवयव घडविणारा कारागीर या सर्वांनी मिळून ते करावयाचे असते.

१९७२ साली त्यांना पद्मश्री लाभली. १९८६ साली त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

कफर्णहूमात चौघांनी छप्पर उसकटून पक्षघाती मनुष्यास प्रभू येशूपुढे सोडले. आपल्या कित्येक उपासनामंदिरांच्या दाराशी आजही केवळ पायऱ्याच आहेत. छप्पर उसकटण्याचे आपणांस कोणी सांगत नाही. पायऱ्यांशेजारी एक उतरण बांधणे तरी आपल्या मंडळीस अशक्य आहे काय?