महिन्याचं गणित मांडणारा मास्तर

नवा महिना लागला की फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतोच. कोणत्या राशीला कोणता आठवडा चांगला, कोणत्या तारखेला पैशाचा व्यवहार टाळायचा, नवी गाडी कधी घ्यायची, सगळं एका पानात. तुम्ही तो फोटो न उघडता पुढे जात असाल, किंवा गुपचूप आपली रास बघून घेत असाल. पण जुन्नर-आंबेगावात राहून पंचांगातून सुटका नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. गावची यात्रा तिथीवर ठरते. लेण्याद्री आणि ओझरला गर्दी होते ती संकष्टीला, भीमाशंकरला श्रावणी सोमवारी. लग्नाचा हॉल मुहूर्त बघून बुक होतो. पश्चिम पट्ट्यातला भात रोहिणी-मृगाच्या हिशेबानं पेरला जातो. आणि नवा फोन घ्यायचा म्हटलं की घरातून आवाज येतो, अमावस्या होऊन जाऊ दे.

आता एक साधा प्रश्न. पंचांगात लिहिलेली अमावस्या खरंच त्या वेळी आकाशात होते का? हे कुणी तपासलं?

ज्यांनी तपासलं त्यातलं एक मोठं नाव म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. ते जुन्नरचे नव्हेत, कोकणातले. पण आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर नीट वाचायचं असेल, तर या मास्तरांची गोष्ट माहीत असायला हवी.

शाळा सुटल्यावर सुरू होणारं काम

दीक्षितांचा जन्म जुलै 1853 चा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. महर्षी कर्व्यांचंही हेच गाव. घरची परिस्थिती बेताची. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. नावापुढे युनिव्हर्सिटीची डिग्री नाही. पुढचं सगळं आयुष्य मास्तरकीत गेलं. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचं तेच ट्रेनिंग कॉलेज. बदली झाली की सामान उचलायचं आणि नव्या गावात नव्या वर्गासमोर उभं राहायचं.

म्हणजे त्यांच्याकडे ना वेधशाळा होती ना रिसर्च ग्रँट. होतं ते एवढंच: गणित, संस्कृत आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ. त्या वेळात त्यांनी जे काम केलं, ते पुढे लंडनला छापलं गेलं.

आधी पंचांगातलं गणित थोडक्यात बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पंचांग म्हणजे पाच अंगं: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यातली तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी संपते. 360 भागिले 12, म्हणून महिन्याला 30 तिथी. पण चंद्र सारख्या वेगानं फिरत नाही, त्यामुळे एखादी तिथी 19-20 तासांत संपते, तर एखादी 26 तासांपर्यंत लांबते. तिथी मध्यरात्री बदलत नाही, दुपारी चार वाजताही बदलू शकते. 2024 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला की 1 नोव्हेंबरला यावरून घरोघरी गोंधळ झाला होता, आठवतंय? अमावस्या दोन तारखांमध्ये विभागली गेली होती, एवढंच त्याचं कारण.

हे सगळं गणित आहे. यात शुभ-अशुभ काहीच नाही. चूक की बरोबर, एवढाच प्रश्न. आणि दीक्षितांच्या काळात गडबड इथेच होती.

जुनं सूत्र आणि खरं आकाश

महाराष्ट्रातली पंचांगं तेव्हा प्रामुख्यानं ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो 1520 च्या सुमारास लिहिला. किचकट त्रिकोणमितीशिवाय ग्रह कुठे आहेत ते काढता येईल, अशी सोपी रीत त्यांनी दिली, म्हणून गावोगावचे जोशी ती वापरू लागले. पण साडेतीनशे वर्षं तीच सूत्रं वापरली की बारीक चुका साठत जातात. पंचांगातलं ग्रहण आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण यांची वेळ जुळेना. 1865 च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गणिताचे गुरू, यांनी आधुनिक गणितावर नवं पंचांग सुरू केलं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं.

दीक्षित याच्याही पुढे गेले. त्यांचा मुद्दा ऋतूंचा होता. मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो. पण सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला, आणि संक्रांत येते 14-15 जानेवारीला. मधले साधारण 24 दिवस कुठून आले? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं भरतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सुमारे 70-72 वर्षांत त्याचा एक दिवस होतो. पडताळा हवा असेल तर हा घ्या: 12 जानेवारी हा युवा दिन, विवेकानंदांचा जन्मदिवस. 1863 साली ते जन्मले त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती 14 किंवा 15 तारखेला येते.

आता हेच मृगाला लावा. सूर्य मृगात जातो तो दिवसही असाच पुढे सरकतो, पाऊस मात्र ऋतूप्रमाणे येतो. तुमच्या माझ्या आयुष्यात फरक जाणवणार नाही. पण काही हजार वर्षांनी मृग येईल तेव्हा निम्मा पावसाळा उलटलेला असेल. म्हणून महिने आणि सण ऋतूंना बांधून ठेवा, असं दीक्षितांचं म्हणणं. या पद्धतीला सायन म्हणतात. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत त्यांनी 1880 च्या दशकात सायन पंचांग काढलं.

लोकांनी ते स्वीकारलं का? नाही. आपली एकादशी आणि शेजाऱ्याची एकादशी वेगळी, हे कुणाला चालेल? वर्षानुवर्षांचे उपास, व्रतं, श्राद्धाचे दिवस बदलायला घरं तयार नव्हती. गणित बरोबर असलं तरी सण एकट्यानं साजरा होत नाही. दीक्षितांना हे नक्कीच लागलं असणार. पण ते भांडत बसले नाहीत. पंचांग इथवर आलं कसं, हे शोधायला त्यांनी घेतलं.

तारखेचं कुलूप

तुम्ही शिवनेरीवर दोनदा शिवजयंती बघता. एक 19 फेब्रुवारीला, दुसरी फाल्गुन वद्य तृतीयेला. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, इंग्रजी वर्ष 365 चं. दरवर्षी 11 दिवसांचा फरक पडतो आणि तो भरून काढायला तीन वर्षांच्या आत एक अधिक महिना येतो. 2023 ला अधिक श्रावण आला होता तो याचसाठी. म्हणून तिथी आणि तारीख दरवर्षी वेगळ्या दिवशी भेटतात.

पण जुन्या कागदावरच्या तिथीची तारीख काढायची कशी? जेधे शकावलीत महाराजांच्या जन्माची नोंद आहे: शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, आणि सोबत शुक्रवार. हा वार फार कामाचा. गणितानं तिथी काढली आणि त्या दिवशी शुक्रवारच आला, तर कुलपात किल्ली बसली. 19 फेब्रुवारी 1630 ला ती बसते.

आता गावाच्या दुसऱ्या बाजूला मानमोडीच्या डोंगराकडे चला. तिथल्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. पाण्याचं टाकं आणि मंडप दान केल्याची नोंद, आणि वर्ष 46. फक्त वर्ष. महिना नाही, तिथी नाही, वार नाही. बरेच अभ्यासक ते शक संवताचं धरतात, म्हणजे इसवी सन 124 च्या आसपासचं. पण पडताळायला वारच नसल्यामुळे त्यावर वाद होत राहिला. एकाच तालुक्यातल्या या दोन नोंदी. एक कुलूप उघडतं, दुसरं नाही.

दीक्षित अशा कुलपांचे उस्ताद होते. इंग्रज अधिकारी जॉन फ्लीट तेव्हा गुप्त राजांच्या शिलालेखांवर काम करत होते. गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला, यावर विद्वानांचं एकमत होत नव्हतं. मध्य प्रदेशातल्या एरण गावच्या स्तंभावर बुधगुप्ताच्या काळातली नोंद आहे: वर्ष 165, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार. दीक्षितांनी गणित मांडलं. उत्तर आलं 21 जून 484, आणि वार गुरुवार. गुप्त संवताची सुरुवात इसवी सन 319-20 ला धरली तर हिशेब जुळतो, या फ्लीट यांच्या मताला त्यामुळे बळकट आधार मिळाला. फ्लीट यांचा ग्रंथ 1888 ला आला, त्यात दीक्षितांचं गणित आहे. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात गुप्त राजांच्या सनावळ्या पाठ केल्यात ना? त्यामागे या मास्तरांचंही काम आहे.

1896 हे त्यांचं वर्ष. मद्रासकडचे अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबरचं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. इसवी सन 300 ते 1900 पर्यंतच्या कोणत्याही तिथीची तारीख काढता येईल अशी कोष्टकं त्यात आहेत. कॉम्प्युटर येईपर्यंत इतिहासाच्या अभ्यासकांच्या टेबलावर हे पुस्तक असायचं. त्याच वर्षी पुण्यात त्यांचा मोठा मराठी ग्रंथ छापून झाला, भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंत कोणी काय मोजलं, कसं मोजलं, कुठे चुकलं, हे त्यांनी शेकडो पोथ्या चाळून नोंदवलं. हे सगळं मराठीत लिहिलं. पुढे भारत सरकारला त्याचं दोन भागांत इंग्रजी भाषांतर काढावं लागलं.

यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल 1898 मध्ये, दीक्षित गेले. वय अवघं 44.

उशिरा आलेला निकाल

त्यांचं सायन पंचांग घराघरात गेलं नाही, पण विचार शिल्लक राहिला. स्वातंत्र्यानंतर देशात इतकी वेगवेगळी पंचांगं होती की 1952 ला मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय कॅलेंडर सुरू झालं. त्याचं वर्ष ऋतूंना बांधलेलं आहे, म्हणजे सायन. भारताच्या राजपत्रावर आजही ती तारीख छापतात. घरातले सण मात्र जुन्याच पद्धतीनं चालतात, आणि त्यात कुणाचं बिघडलेलंही नाही.

मग त्या फॅमिली ग्रुपवरच्या भविष्याचं काय? ग्रह कुठे आहेत हा एक दावा, आणि त्यामुळे तुमची सेमिस्टर कशी जाईल हा दुसरा. पहिला तपासता येतो. दुसराही तपासता येतो, आणि तो महाराष्ट्रातच तपासला गेला आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 ला 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवलेल्या 27 जणांचं बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण 46 टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तर 50 आलं असतं.

याचा अर्थ आईशी वाद घाला असा नाही. यात्रा तिथीलाच होऊ दे, संकष्टीला लेण्याद्री चढा, त्यात गावाचं आणि घराचं एकत्र येणं आहे. पण इंटरव्ह्यूची तारीख, ॲडमिशनचा निर्णय, दवाखान्यात जायचा दिवस, हे पानावरच्या एका ओळीसाठी पुढे ढकलू नका. पंचांग तुम्हाला चंद्र कुठे असेल ते सांगतं. त्या दिवशी तुम्ही काय करायचं, हे त्या गणितातून निघत नाही.

आणि दीक्षितांसारखं तपासायचं असेल तर खर्च काही नाही. येत्या संकष्टीला कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ बघा. ती मुंबईची असेल तर साधारण चार मिनिटं वजा करा, कारण जुन्नर मुंबईच्या पूर्वेला सुमारे एक अंशावर आहे. पूर्वेला डोंगर असेल तर चंद्र वर यायला थोडा उशीर लागेल, म्हणून नारायणगाव-खोडदच्या बाजूची मोकळी जागा शोधा. खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर रुंदीच्या डिश आकाशाकडे वळलेल्या दिसतील. एकूण तीस आहेत, काही तर आपल्या शेताशेजारीच. मोबाइलमधलं घड्याळ हातात धरा आणि चंद्र किती वाजता दिसतो ते लिहून ठेवा. पुढच्या संकष्टीला पुन्हा लिहा. चार महिन्यांत तुमच्या कॅलेंडरबद्दल तुम्हाला स्वतःचं असं काहीतरी माहीत झालेलं असेल.