ट्रामपासून दूर गेलेली वेधशाळा

गेटवेहून मांडव्याची लाँच पकडून तुम्ही अलिबागला कितीदा गेला असाल. बीच, कुलाबा किल्ला, माशांची थाळी, झालं! पण तिथल्या चुंबकीय वेधशाळेजवळून जाताना नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस हे नाव आठवलंय कधी?

१८५९ मध्ये जन्मलेले मूस एडिंबरोला विज्ञान शिकले आणि १८९६ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून ठेवल्या जात होत्या. आणि मुंबईत विजेची ट्राम आणायचं ठरलं! ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो, त्याचंही चुंबकीय क्षेत्र तयार होतं. म्हणजे नाजूक उपकरणं पृथ्वीऐवजी ट्राम मोजत बसणार. सुमारे साठ वर्षांची मेहनत तिथेच थांबली असती.

मूस यांनी शांत जागा निवडली ती अलिबागची. लोखंड टाळून इमारत उभी राहिली. पण नुसतं सामान हलवून भागत नाही. दोन जागांचे आकडे वेगळे येणार. मग बदल पृथ्वीत झाला की जागेमुळे, हे कसं ओळखायचं? म्हणून १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. फरक कळला, मालिका जुळली. १९०७ मध्ये ट्राम धावली, तोवर काम झालेलं होतं. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी दोन खंडांत मांडल्या. १९३६ मध्ये ते गेले.

आता वर बघा. २०१३ मध्ये इस्रोने सोडलेला भारत-फ्रान्सचा ‘सरल’ उपग्रह सुमारे ८०० किलोमीटरवरून समुद्रावर रडारलहरी सोडायचा आणि त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून पाण्याची उंची काढायचा. किनाऱ्याजवळ मात्र जमिनीचा प्रतिध्वनी त्यात मिसळतो. म्हणजे ट्रामचीच कटकट! आणि समुद्र वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो, त्यामुळे उपग्रह बदलताना छोटी चूकही महागात पडते. म्हणून २००१ च्या डिसेंबरमध्ये गेलेला ‘जेसन-१’ आधी काही महिने जुन्या ‘टोपेक्स-पोसायडन’सोबत, त्याच वाटेने फिरवला. मूस यांनी अलिबागला केलं तेच, फक्त अवकाशात.

तेव्हा लॅबमध्ये नवं मीटर आलं की जुनं लगेच कपाटात टाकू नका. थोडे दिवस दोन्हींवर रीडिंग घ्या.