इरावतीबाईंची मोजपट्टी

परक्या माणसांचा अभ्यास करण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न मानवशास्त्रातील स्त्रिया १९७० नंतरच्या दशकात मोठ्याने विचारू लागल्या. त्याच १९७० च्या ऑगस्टात इरावती कर्वे निवर्तल्या. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून, किंवा पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर हाकणाऱ्या बाई म्हणून, त्या वाचकांस ठाऊक आहेत. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, हुजूरपागेतील शिक्षण, महर्षी कर्व्यांच्या घरातील सूनपण हेही सर्वश्रुतच आहे. आम्हांस थांबावयाचे आहे ते बर्लिनमध्ये.

तेथे १९२८ ते १९३० या काळात त्यांनी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन केले. हे गृहस्थ पुढे नाझींच्या वंशवादाचे शास्त्री ठरले. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशागणिक बदलते आणि तीत गोऱ्यांचे बौद्धिक श्रेष्ठत्व दिसते, असा त्यांचा तर्क होता. शिष्येने १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाशी या असमानतेचा काही संबंध नाही, असे प्रबंधात नमूद केले. गुरूच्याच संस्थेत बसून हे लिहावयास धैर्य लागते. मात्र त्यांतील काही कवट्या जर्मनांच्या पूर्व आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्या होत्या. ज्यांची ती डोकी, त्यांच्या आप्तांस कोणी विचारले नव्हते. निष्कर्ष न्याय्य असला तरी साधन लुटीचे होते, हे विसरता येत नाही.

मायदेशी आल्यावरही बाईंनी मोजपट्टी टाकली नाही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी अनेक जातिजमातींची शारीरिक मोजमापे घेतली. त्यांचे आम्हांस फारसे कौतुक नाही. पुष्कळसा भाग शास्त्राने केव्हाच मागे टाकला आहे. खरी कमाई आहे ती नात्यागोत्यांवरील १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात. वंशावळी पुरुषांच्या असतात. बाईंनी नात्यांची नावे, म्हणी आणि लोकगीतेही पुरावा म्हणून तपासली. उत्तरेकडे परगावी दिलेली, पदराआड वावरणारी सून आणि दक्षिणेकडे मामाच्याच घरी नांदावयास जाणारी मुलगी, या दोघींचे सासर एक नव्हे, हे त्यांनी दाखविले. घराची घडण सुनेच्या जागेवरून पाहावी, हे पंडितांस सहसा सुचत नसे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे डोक्याची रुंदी कोणी मोजली नाही. विचारपूस होती ती गेलेल्या जमिनीची, मोबदल्याची आणि नव्या वस्तीची. त्या लोकांपैकी अनेकांच्या पुनर्वसनाचे दावे पुढे कित्येक दशके तसेच लोंबकळत राहिले.