गिजुभाई बधेका

गिरिजाशंकर भगवानजी बधेका ऊर्फ गिजुभाई (१५ नोव्हेंबर १८८५ – २३ जून १९३९) हे गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ, शिक्षक व बालसाहित्यकार होते. भीती, शिक्षा व बक्षीस यांवाचून लहान मुलांचा वर्ग चालवता येतो, हे त्यांनी भावनगरच्या बालमंदिरात प्रत्यक्ष दाखवून दिले. गुजरातमध्ये ते ‘मूछाळी मा’ म्हणजे ‘मिशाळ आई’ या नावाने ओळखले जात.

जीवन

गिजुभाईंचा जन्म सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. १९०७ मध्ये ते उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. तेथून परतल्यावर मुंबईत कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याच्या शिक्षणाचा विचार करताना प्रचलित शाळांतील मार, घोकंपट्टी व धाक त्यांना असह्य वाटू लागला. याच काळात मारिया माँटेसोरी यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. १९१६ मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत दाखल झाले. नानाभाई भट्ट हे या संस्थेचे संस्थापक होते. आरंभी गिजुभाईंनी तेथील विनयमंदिरात मोठ्या मुलांना शिकवले. शिक्षणाचा पाया त्याहून लहान वयात घातला जातो, अशी खात्री झाल्यावर त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले.

वर्गव्यवस्थेचा विचार

त्या काळच्या प्राथमिक शाळेत शिस्त म्हणजे स्तब्धता आणि ती राखण्याचे साधन म्हणजे छडी, असा समज रूढ होता. गिजुभाईंच्या मते धाकाने आलेली शांतता शिक्षकाची पाठ वळताच नाहीशी होते. मूल आवडीच्या कामात गुंतले की शांतता आपोआप येते आणि तीच टिकते. त्यामुळे बालमंदिरात मुलांना साधन निवडण्याची, हवा तितका वेळ काम करण्याची व वर्गात वावरण्याची मोकळीक असे. मात्र दुसऱ्याच्या कामात अडथळा आणण्याची मुभा कोणालाही नसे. साधन वापरून झाल्यावर जागेवर ठेवणे, ही ज्याची त्याची जबाबदारी असे. शिक्षेइतकाच त्यांचा बक्षिसांना व क्रमांकांना विरोध होता, कारण त्यांमुळे मूल कामाऐवजी शाबासकीकडे पाहू लागते.

माँटेसोरींची पद्धती त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. लहान वयातील अद्भुत कथांविषयी माँटेसोरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र लोककथा, बालगीते व नाट्य यांना वर्गात मानाचे स्थान दिले.

दिवास्वप्न

‘दिवास्वप्न’ हे त्यांचे सर्वाधिक प्रसिद्ध पुस्तक आहे. त्यात लक्ष्मीराम हा काल्पनिक शिक्षक एका सर्वसाधारण शाळेतील चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो. पण मुले गोंगाट करून तो उधळून लावतात. आपली पूर्वतयारी या मुलांना लागू पडत नाही, हे त्याला उमगते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग शांत होतो. पुढे गोष्टींच्या ओढीनेच हजेरी, स्वच्छता, वाचन व वर्गाचे ग्रंथालय या गोष्टी मार्गी लागतात. मुख्याध्यापक, सहकारी व पालक यांच्या शंकांना मात्र त्याला वर्षभर तोंड द्यावे लागते.

स्वातंत्र्याची ही पद्धती निवडक मुलांच्या, साधनसंपन्न शाळेतच चालेल, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई आणि आजही घेतला जातो. अभ्यासक्रम, परीक्षा व तपासणी यांनी बांधलेल्या वर्गाची कथा रचून गिजुभाईंनी त्याला उत्तर दिले. शिक्षकाचा पहिला प्रयत्न फसलेला दाखवल्यामुळे हे पुस्तक उपदेशपर न होता शिक्षकांना आपलेसे वाटते.

महाराष्ट्राशी संबंध

मराठी बालशिक्षणाच्या प्रवर्तक ताराबाई मोडक या १९२३ पासून भावनगर येथे गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या कार्याचा प्रसार ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून झाला. त्याच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. पुढे त्यांनी दादर, बोर्डी व कोसबाड येथे हे काम नेले. कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने ते आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. माँटेसोरींची महागडी साधने परवडत नसल्याने तेथे आसपासच्या पाना-फुलांचा, बियांचा व शंख-शिंपल्यांचा उपयोग करण्यात आला.

लेखन, सन्मान व निधन

गिजुभाईंनी मुले, पालक व शिक्षक यांच्यासाठी विपुल लेखन केले. १९२९ मध्ये त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून निवृत्त झाले. मात्र शिक्षक घडवण्याचे कार्य त्यांनी पुढेही चालू ठेवले. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.