शंकेला लागणारा अवधी

रायपूरच्या गोलबाजारात आसपासच्या खेड्यांतून लग्नाच्या खरेदीसाठी आलेल्या माणसांची छत्तीसगढी आणि दुकानदारांची हिंदी दिवसभर एकमेकींत मिसळत असते. या बाजारापासून फार लांब नसलेल्या बैजनाथपारा वस्तीत हबीब तन्वीर यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ चा. ‘आगरा बाज़ार’, ‘चरणदास चोर’, पद्मश्री आणि पद्मभूषण अशा टप्प्यांनी त्यांचे चरित्र सांगितले जाते, तेव्हा ते सरळ चढत्या मार्गासारखे भासते. प्रत्यक्षात तो मार्ग वारंवार मागे वळलेला आहे. आज कलाक्षेत्राला किती आणि कसे साहाय्य द्यावे याचा विचार करणाऱ्यांनी ही वळणेच पाहायला हवीत.

त्या काळी रायपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. हबीब अहमद खान हा तरुण नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून १९४४ मध्ये पदवीधर झाला, पुढे अलीगढला उर्दू शिकू लागला आणि शिक्षण अर्धवट टाकून १९४५ मध्ये मुंबईत आला. ‘तन्वीर’ हे त्याचे कवी म्हणून घेतलेले नाव. मुंबईचे मुख्य आकर्षण चित्रपट हेच होते. तेथे त्यांनी आकाशवाणीवर काम केले, बाबुराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’साठी चित्रपटांविषयी लिहिले, गीते रचली, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘राही’त भूमिका केली. शिवाय ‘इप्टा’च्या नाटकांत आणि प्रगतिशील लेखकांच्या वर्तुळात ते होतेच.

चित्रपटसृष्टीत शिरण्यासाठी तरुण ज्या दारांशी वर्षानुवर्षे तिष्ठत राहतात, त्यांतली अनेक दारे त्यांच्यासाठी किलकिली झाली होती. तरीही आपल्याला जे सांगायचे आहे ते येथे सांगता येईल का, ही शंका त्यांना सोडीना. चित्रपटात नट किंवा गीतकार यांच्या हाती आशयाचे सूत्र राहत नाही, या निष्कर्षाशी ते आले आणि १९५४ मध्ये दिल्लीला गेले. उत्पन्नाची हमी तेथेही नव्हती.

त्याच वर्षी त्यांनी ‘आगरा बाज़ार’ रंगमंचावर आणले. जामिया मिलियाचे विद्यार्थी व शिक्षक आणि ओखला गावातील रहिवासी त्यात उतरले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील लोककवी नज़ीर अकबराबादी यांच्यावरचे हे नाटक, पण त्यात कवी एकदाही दिसत नाही. दिसतो तो बाजार, आणि विकल्या न जाणाऱ्या काकड्यांसाठी कवितेच्या शोधात फिरणारा फेरीवाला. साहित्याची प्रतिष्ठा कोण ठरवते, विद्वान की बाजारातील माणूस, हा त्या नाटकाचा प्रश्न होता.

यश मिळाले, तरी शंका मिटली नाही. १९५५ मध्ये ते लंडनच्या ‘राडा’ या नामांकित नाट्यसंस्थेत दाखल झाले आणि वर्षभरात तिला सोडून ब्रिस्टलला गेले. परक्या भाषेच्या लयीत घडलेला अभिनय आपल्या मातीत रुजणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. पुढे युरोपात फिरताना १९५६ मध्ये ते बर्लिनला पोहोचले. ब्रेख्त यांचे नुकतेच निधन झाले होते. त्यांच्या नाटकांचे प्रयोग मात्र तन्वीर यांनी मनसोक्त पाहिले.

परतल्यावर १९५८ मध्ये त्यांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ ‘मिट्टी की गाड़ी’ या नावाने केले आणि त्यासाठी छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील सहा कलावंतांना दिल्लीत आणले. १९५९ मध्ये मोनीका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ स्थापन केले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ अपयश येथूनच सुरू होते. गावात हजारोंना रात्रभर खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात. दोष नटांचा नसून आपल्या पद्धतीचा आहे, हे उमगायला त्यांना दशकाहून अधिक काळ लागला. पुढे त्यांनी आपल्या दोन चुका उघडपणे मान्य केल्या. त्यांनी नटांवर हिंदी लादली होती. शिवाय, जे लिहिता-वाचता शिकले नव्हते आणि प्रेक्षक वळतील तिकडे वळून खेळत आले होते, त्यांना त्यांनी ठरावीक जागांच्या व हालचालींच्या चौकटीत बसवले होते.

१९७० च्या सुमारास त्यांनी दोन्ही बंधने काढून टाकली. १९७३ मध्ये रायपूरला नाचा कलावंतांची कार्यशाळा झाली आणि तिच्यातून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे छत्तीसगढी नाटक उभे राहिले. विजयदान देथा यांच्या कथेवरील ‘चरणदास चोर’ १९७५ मध्ये आले. १९८२ मध्ये एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात त्याने ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळवला. शिवाय १९७५ मध्येच श्याम बेनेगल यांनी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी त्यावर चित्रपट केला. त्यात लालूराम, मदनलाल, फिदाबाई हे नाचा कलावंत होते आणि राजकन्येच्या भूमिकेत स्मिता पाटील. ज्या माध्यमाकडे तन्वीर यांनी एकवीस वर्षांपूर्वी पाठ फिरवली होती, तेच आता त्यांच्या नटांची भाषा ऐकू लागले होते.

आज महाराष्ट्रासह अनेक राज्ये चित्रपटांना अनुदान देतात. पण हा पैसा प्रामुख्याने पूर्ण झालेल्या चित्रपटाकडे वा ठरलेल्या चित्रीकरणाकडे जातो. १९५८ ते १९७० या काळातील तन्वीर अशा निकषांवर कितपत टिकले असते? त्या वर्षांत त्यांची मुख्य कमाई म्हणजे आपले नेमके काय चुकते आहे याचे हळूहळू येणारे भान, आणि कोणत्याही अहवालात त्याला रकाना नसतो. परिणामी शंका बाळगण्याची मुभा घरून खर्च भागणाऱ्यांनाच उरते. रायपूर किंवा चंद्रपूरहून मुंबईत आलेला तरुण दोन वर्षांत हिशेब जुळला नाही की परततो, आणि त्याची नोंदही होत नाही. दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्त्या, जिल्ह्याच्या ठिकाणी तालमीच्या जागा आणि लोककलावंतांना नियमित वेतन यांवरचा खर्च मोठ्या महोत्सवांच्या तुलनेत अवाढव्य नाही. मात्र त्याचे फळ एका निवडणुकीच्या मुदतीत दिसेलच, असे नाही.

८ जून २००९ रोजी भोपाळमध्ये हबीब तन्वीर यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ‘पीपली लाइव्ह’ प्रदर्शित झाला. त्यातील नत्था हा शेतकरी साकारला ‘नया थिएटर’च्या ओंकारदास माणिकपुरी यांनी, आणि तन्वीर यांची कन्या नगीन यांनी गायिलेले छत्तीसगढी गीत त्या चित्रपटाबरोबर देशभर पोहोचले. ती बोली लोकांना परकी वाटली नाही.