कोटाची बटणे

साल होते १९०८. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका सूतगिरणीत एक लहान मुलगी काम करीत होती. चात्यांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्याजवळ उभी असलेली ती चिमुरडी! तिची उंची ५१ इंच, म्हणजे जेमतेम सव्वाचार फूट. गिरणीत आलेल्या एका पाहुण्याने तिला वय विचारले. ती घुटमळली. आठवत नाही, असे तिने सांगितले. मग, आपल्या माणसाला गुपित सांगावे तशी ती हळूच बोलली. कामावर ठेवण्याइतकी ती मोठी नव्हती, पण तरी काम करीत होती. पाहुण्याने तिचे छायाचित्र घेतले. त्या पाहुण्याचे नाव लुईस हाइन.

हाइन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी झाला. १८९२ मध्ये त्यांचे वडील अपघातात वारले. घर चालवण्यासाठी हाइन फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागले. रोज १३ तास, आठवड्यातून ६ दिवस काम आणि आठवड्याची मजुरी ४ डॉलर! पुढे मिळेल ते काम करीत ते शिकले. १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिक्षक झाले आणि मुलांना भूगोल शिकवू लागले.

कॅमेरा त्यांच्या हाती आला तो शाळेमुळेच. त्या काळी युरोपातून हजारो गरीब कुटुंबे बोटीने न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरत. या परक्या लोकांकडे आपल्या विद्यार्थ्यांनी आदराने पाहावे, असे शाळेच्या प्रमुखांना वाटे. म्हणून त्यांनी हाइन यांना त्या लोकांची चित्रे घ्यायला सांगितले. हाइन यांनी तोपर्यंत छायाचित्रण शिकलेले नव्हते. ते करता करता शिकले.

त्यांचा कॅमेरा म्हणजे एक अवजड पेटी होती. तिला तिकाटणे लागे. आत ५ इंच रुंद आणि ७ इंच लांब काचेची पट्टी बसवावी लागे. उजेड कमी असला, की पत्र्यावर मॅग्नेशियमची भुकटी ठेवून ती पेटवायची. भपकन उजेड होई, धूर पसरे आणि समोरच्या माणसाचे डोळे दिपत. दुसरी संधी बहुधा मिळत नसे. हातात धरून वापरायचे सुटसुटीत कॅमेरे तेव्हाही बाजारात होते. एक तर अवघ्या एका डॉलरला मिळे. पण हाइन ही पेटीच घेऊन गावोगाव फिरले.

अमेरिकेत १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वर्षे वयाची सुमारे साडेसतरा लाख मुले कामावर असल्याचे आढळले होते. बालमजुरी बंद व्हावी म्हणून झटणाऱ्या एका राष्ट्रीय समितीसाठी हाइन यांनी १९०८ मध्ये पूर्णवेळ काम सुरू केले. त्यासाठी त्यांनी शाळेची नोकरी सोडली. घरसंसार असलेल्या माणसाने असे करणे सोपे नव्हते.

गिरणीचे मालक त्यांना आत कसे येऊ देणार? मग हाइन कधी यंत्रांची चित्रे घेणारे कारागीर होत, कधी पोस्टकार्ड विकणारे, तर कधी आगीपासूनच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे. ही लबाडीच होती, पण दुसरा मार्ग नव्हता. आत गेल्यावर त्यांचे खरे काम सुरू होई. आपल्या कोटाचे प्रत्येक बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे त्यांनी आधीच मोजून ठेवले होते. मूल जवळ उभे राहिले, की त्याचे डोके कितव्या बटणापर्यंत येते ते ते पाहत. झाली उंची मोजून! बोलता बोलता ते वय, कामाचे तास, मजुरी विचारत आणि खिशात हात घालून, कागदाकडे न बघता, सारे टिपून घेत.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण नुसते चित्र दाखवले असते, तर मालक म्हणाले असते, ही मुलगी आईचा डबा द्यायला आली होती. चित्राखाली उंची, तास आणि मजुरी लिहिलेली असली, म्हणजे ते खोटे ठरवणे कठीण जाई.

जॉर्जिया राज्यातल्या एका गिरणीतले १९०९ चे चित्र पाहा. दोन लहान मुले अनवाणी यंत्रावर चढली आहेत. तुटलेला धागा जोडायचा आणि रिकामी रिळे बदलायची, तर यंत्रावर चढल्याशिवाय त्यांचा हातच पोहोचत नाही. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना धागा तुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीवरची १९११ ची मुले तर धुळीने इतकी काळी झाली आहेत, की त्यांचे डोळेच तेवढे दिसतात.

ही चित्रे मासिकांत, भित्तिपत्रकांवर, प्रदर्शनांत लोकांनी पाहिली. १९१६ मध्ये बालमजुरीविरुद्ध देशभर लागू होणारा कायदा झाला. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले.

मधल्या काळात हाइन यांनी न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट ही उंच इमारत बांधणाऱ्या कामगारांची चित्रे घेतली. तेव्हा त्यांचे वय ५५ च्या पुढे होते आणि ते इतक्या उंचीवर लोंबकळत काम करीत होते. पुढे मात्र त्यांना काम मिळेनासे झाले. घर गेले, पत्नी वारली. ३ नोव्हेंबर १९४० रोजी गरिबीतच त्यांचा अंत झाला.

त्यांनी समितीसाठी घेतलेली ५,००० हून अधिक छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात टिपणांसह जपून ठेवली आहेत. त्यांत ती ५१ इंचांची मुलगीही आहे. गिरणीत येऊन तिला एक वर्ष झाले होते. काही काम रात्रीचेही असे. मजुरी दिवसाला ४८ सेंट. गिरणीतल्या ५० कामगारांपैकी १० जण साधारण तिच्याएवढेच होते. टिपणात हे सारे आहे. तिचे नाव मात्र नाही.